दुभत्या मेंढ्यांच्या खुराकात फॅट घालताय? या चुका टाळा

मेंढीच्या दुधाला मुळातच ६ ते ८ टक्के फॅट लागतं, गायीच्या दुधाच्या जवळपास दुप्पट. तरीही फॅट मोजायच्या मशीनवरचा आकडा अर्ध्या टक्क्याने घसरला की हात आधी तेलाच्या डब्याकडे नाहीतर बायपास फॅटच्या (पहिल्या पोटात न फुटता पुढे जाणाऱ्या फॅटच्या) पोत्याकडे जातो. कधीकधी तेच करायचं असतं. पण फॅट का घसरलं हे न बघता घातलेलं फॅट बऱ्याचदा आकडा जागचा हलवत नाही आणि दुधाचं दुसरंच काहीतरी बिघडवतं.

नमुना न बघता खुराक बदलणं

धारेची सुरुवात पातळ असते आणि शेवट घट्ट. कास पुरती रिकामी झाली नाही, तर सगळ्यात जास्त फॅटचं दूध आतच राहतं. दिवसा कोकरं आईजवळ सोडून, रात्री वेगळी ठेवून सकाळी धार काढतात, त्या कळपात हे हमखास दिसतं. मेंढी पान्हा चोरते, कासेच्या वरच्या भागातलं दूध खाली उतरत नाही आणि मशीनवर फॅट कमी येतं. कोकरं आईपासून तोडली की तोच खुराक असताना आकडा वर चढतो. अशा कळपाला बायपास फॅट देणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणखी दोन गोष्टी पटकन बघून घ्या. नमुना घेताना कॅन ढवळला होता का? आणि दूध लिटरमध्ये वाढलंय का? दूध वाढलं की फॅटचा टक्का उतरतोच, मेंढी दिवसाला तेवढंच किंवा जास्त फॅट देत असली तरी.

सुटं तेल ओतणं

ही चूक मी स्वतः केली आहे. भुश्श्यावर सूर्यफुलाचं तेल ओतलं, हाताने चोळलं, मेंढ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. चौथ्या दिवशी गोठ्यात लेंड्यांऐवजी चिकट गठ्ठे पडले होते. दुपारी बसलेल्या मेंढ्यांत रवंथ करणारी तोंडं मोजली, तर निम्मीसुद्धा भरली नाहीत. आठवड्याने फॅट मोजलं, ते आधीपेक्षा कमी.

कारण कोटीपोटात, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटात आहे. तिथले तंतू पचवणारे जिवाणू असंतृप्त तेलाला फार नाजूक असतात. तेल त्यांना मारतं आणि वैरणीच्या तंतूंवर थर धरून उरलेल्यांनाही जवळ येऊ देत नाही. वैरण पचली नाही की ॲसिटिक आम्ल कमी तयार होतं आणि दुधातल्या फॅटचा मोठा हिस्सा कास त्याच आम्लापासून बांधते. म्हणजे वरून फॅट घातलं आणि आतला फॅटचा कारखाना बंद पाडला.

त्यात वैरण कमी आणि धान्य जास्त असेल तर भर पडते. तेलातल्या लिनोलिक आम्लाचं रूपांतर एरवी एका वाटेने होतं, कोटीपोट बिघडलं की ते दुसऱ्या वाटेला लागतं. त्या वाटेवर तयार होणारं ट्रान्स-१०, सिस-१२ सीएलए (लिनोलिक आम्लाचंच बदललेलं रूप) कासेतलं फॅट तयार होणंच रोखतं. वनस्पती तेलाच्या बाबतीत मेंढी गायीपेक्षा सोशिक आहे, हे खरं. पण माशाचं तेल किंवा सागरी शेवाळ दिलं तर मेंढीचंही फॅट खाली येतं.

उपाय सोपा आहे, धीर मात्र लागतो. तेल बंद करा. आठवडाभर लांब तुकड्यांची वाळलेली वैरण भरपूर द्या आणि लेंड्या पुन्हा सुट्या, कोरड्या पडेपर्यंत काही बदलू नका. नंतर फॅट द्यायचंच असेल तर अख्ख्या तेलबियांमधून द्या. सालीच्या आत बंद असलेलं तेल हळूहळू सुटतं, त्यामुळे जिवाणूंना एकदम दणका बसत नाही.

बायपास म्हणजे बिनधोक, असं समजणं

बायपास फॅट म्हणून मिळणाऱ्या मालात बहुतेकदा पाम तेलातल्या स्निग्धाम्लांचा कॅल्शियम साबण असतो. सुमारे ८४ टक्के फॅट, ९ टक्के कॅल्शियम. कोटीपोटाचा सामू (पीएच) ६ च्या वर असेपर्यंत तो टिकून राहतो. धान्याच्या माऱ्याने पोट आंबट झालं की साबण फुटतो आणि तुम्ही महागड्या दरात सुटं तेलच दिलेलं असतं. म्हणून ॲसिडोसिसची लक्षणं असलेल्या कळपात आधी धान्य कमी करायचं, पोतं नंतर उघडायचं.

मोजमापही चुकतं. ६० किलोची मेंढी दिवसाला साधारण २.२ किलो शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा चारा-धान्याचा भाग) खाते असं धरा. चारा-धान्यात ३ टक्के फॅट असतं, म्हणजे ६६ ग्रॅम. त्यावर ६० ग्रॅम बायपास फॅट दिलं की आणखी ५० ग्रॅम. एकूण ५ टक्क्यांच्या थोडं वर. इथे थांबायचं. याच्यावर १०० ग्रॅम जवस टाकलं की ६ टक्क्यांची रेषा ओलांडली. तिथून पुढे मेंढी खाणं कमी करते. घाण्याच्या पेंडीतलं उरलेलं तेल आणि कोवळ्या हिरव्या गवतातलं फॅट या हिशेबात धरायला लोक हटकून विसरतात.

फक्त फॅटचा आकडा वाचणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मेंढीचं बरंचसं दूध चीजसाठी जातं आणि चीज धरतं ते केसिनवर, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रोटीनवर. कॅल्शियम साबणाने फॅट वाढतं, पण प्रोटीनचा टक्का बहुतेक वेळा उतरतो. मेंढीला मिळणारं प्रोटीन बऱ्याच अंशी कोटीपोटातल्या जिवाणूंकडून येतं आणि त्या जिवाणूंना फॅटपासून ऊर्जा घेता येत नाही. धान्य काढून त्या जागी फॅट घातलं की मेंढीचं पोट भरतं, जिवाणू उपाशी राहतात.

मग चीजवाल्याची तक्रार येते की रेनेट (दूध गोठवणारं विरजण) घातल्यावर गोळा मऊ धरतोय, सुरी फिरवली की कडा तुटतात, निवळी दुधाळ दिसतेय. ती निवळी दुधाळ दिसते कारण फॅट धरून ठेवायला केसिनचं जाळं पुरत नाही. तुम्ही वाढवलेलं फॅट तिथून वाहून चाललेलं असतं. अशा वेळी फॅटची मात्रा निम्मी करा, काढलेल्या धान्यातलं थोडं परत द्या आणि कोटीपोटात न फुटणारं प्रोटीन वाढवा. फॅट आणि प्रोटीन हे दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहा.

गायीचं मिश्रण मेंढीला

फॅट, खनिजं, जीवनसत्त्वं एकत्र असलेलं गायीचं तयार मिश्रण सरळ मेंढ्यांपुढे टाकू नका. त्यात तांबं असतं आणि गायीला चालणारी मात्रा मेंढीला विषारी ठरते. ते यकृतात महिनोन्‌महिने साठतं आणि एक दिवस अचानक मेंढी पिवळी पडते, लघवी काळपट लाल होते, बऱ्याचदा मरतेच. दूध सुधारायच्या नादात कळप गमावण्याचा हा सरळ रस्ता आहे. लेबलवर तांब्याचा आकडा सापडत नसेल, तर तो माल मेंढीसाठी नाही असं समजा.

वेताचा काळ आणि साठवण

वेताच्या सुरुवातीला मेंढी पाठीवरची चरबी जाळून दूध देते, तेव्हा फॅटचा खरा उपयोग होतो. वेत संपत आलं की दुधातलं फॅट आपोआप वाढतं आणि खाऊ घातलेलं फॅट पाठीवर चढतं. हात फिरवून मणके लागत नसतील तर देणं बंद करा.

जवसाने दुधात ओमेगा-३ आणि सीएलएचा दुसरा, फॅट न रोखणारा प्रकार वाढतात, फॅट मऊ होतं. पण असं दूध लवकर खवट होतं, म्हणून खुराकात ई जीवनसत्त्व पुरेसं हवं. जवस भरडायचं तर दोन-तीन दिवसांपुरतंच. भरडा खवटला की मेंढी नाक लावून बाजूला होते. बायपास फॅटच्या साबणी वासालाही ती आधी अशीच बिचकते, म्हणून दिवसाला १० ग्रॅमपासून सुरू करून पूर्ण मात्रेला दोन-तीन आठवड्यांत पोचा. गव्हाणीच्या तळाशी बायपास फॅटचे पांढरे दाणे उरलेले दिसले, तर तिने धान्य निवडून खाल्लंय. पुढच्या वेळी खुराकावर थोडं मळीचं पाणी शिंपडून दाणे चिकटवून घ्या.