टस्कनीतल्या जुन्या घरात चौदा जण? आधी वीज किती ते विचारा

इटलीतल्या टस्कनी किंवा उंब्रिया भागातलं डागडुजी केलेलं जुनं दगडी घर सुट्टीसाठी भाड्याने घेताना खोल्या किती, पोहण्याचा तलाव आहे का, हे सगळेच विचारतात. विजेचा मंजूर भार मात्र राहून जातो. इटलीत घरगुती जोडणी बहुधा 3 किलोवॉटची असते. विजेची किटली साधारण 2 किलोवॉट घेते, ओव्हन 2, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन जवळपास तेवढंच. दोन एकदम लावली की वीज गेलीच. चौदा जणांसाठी निदान 6 किलोवॉट हवेत. बुकिंगआधी लेखी विचारून घ्या.

पोचल्यावर उजेड आहे तोवर मीटर शोधून ठेवा. घरातल्या बोर्डावरचे सगळे खटके वर असूनही अंधार असेल, तर मीटरवरचा खटका पडलेला असतो, आणि मीटर पुष्कळदा बाहेर फाटकाजवळच्या पेटीत असतो. आधी एक उपकरण बंद करा, मगच खटका वर करा, नाहीतर तो पुन्हा पडणार.

80 लिटरच्या गीझरमध्ये तीन-चार अंघोळी होतात, 1.2 किलोवॉटवर तो पुन्हा तापायला तीन तासांहून जास्त लागतात. निम्म्यांनी रात्रीच उरकून घ्यावं.

फोडणी देणार असाल तर शेगडीसमोर जुनी चादर अंथराच. तिथली भाजक्या मातीची 'कोत्तो' फरशी तेल शोषते आणि हळदीचा डाग खोलवर मुरतो.

पासपोर्ट प्रत्येकाचा लागतो, लहान मुलांचाही: पाहुण्यांची नोंद मालकाला 24 तासांत पोलिसांकडे करावी लागते.