अमेरिकेत नवीन आहात आणि लांबच्या शहरातून जुनी गाडी घेताय? आधी हे वाचा

नोकरीसाठी किंवा शिकायला अमेरिकेत आलात की पहिल्या महिन्यातच लक्षात येतं, न्यूयॉर्क-शिकागोसारखी मोजकी शहरं सोडली तर इथे गाडीवाचून पान हलत नाही. क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्ज वेळेवर फेडल्याची नोंद, तयार झालेली नसते, त्यामुळे कर्ज एक तर मिळत नाही, नाही तर जबर व्याजानं मिळतं. मग साठवलेल्या पैशांत जुनी गाडी शोधायची. आपल्या गावात भाव चढे असतात आणि दोन राज्यं ओलांडून कुणी तरी तीच गाडी निम्म्या किमतीत देत असतो. नवीन माणूस नेमका इथे अडकतो. बरीच वर्षं इकडे काढल्यावर मी प्रत्येक नव्या मुलाला नि मुलीला एकच गोष्ट बजावते: गाडी, तिचं टायटल (मालकीचा कागद) आणि टायटलवर ज्याचं नाव आहे तो माणूस, हे तिन्ही एका जागी, एका वेळी समोर असल्याशिवाय एक डॉलरही द्यायचा नाही. ‘गाडी राखून ठेवतो, फक्त दोनशे पाठवा’ यातले दोनशेसुद्धा नाहीत.

लांबून गाडी घेऊच नये असं मी म्हणत नाही. बरेच जण घेतात आणि चांगली घेतात. पण अंतर हेच फसवणाऱ्याचं भांडवल असतं. तुम्ही येऊन बघणार नाही याची खात्री असते म्हणूनच त्याचा धंदा चालतो.

नुकत्याच आलेल्या एका मुलीनं मला तिला आलेली ईमेल दाखवली होती. होंडा सीआर-व्ही, मैल कमी, एकही ओरखडा नाही, किंमत बाजारभावाच्या निम्मी. लिहिणारी बाई सांगत होती की गाडी तिच्या दिवंगत नवऱ्याची आहे, बघवत नाही म्हणून विकतेय. ती स्वतः सैन्यात आहे, लवकरच परदेशी जाणार, म्हणून भेटणं शक्य नाही. गाडी आधीच शिपिंग कंपनीच्या गोदामात बंद करून ठेवलेली आहे, कागदपत्रं आतच आहेत. पैसे तिला द्यायचे नाहीत, ‘ईबे’ या ऑनलाइन बाजाराकडे ठेवायचे. गाडी घरपोच येईल, पाच दिवस चालवून बघा, नाही आवडली तर परत करा. पैसे कसे भरायचे? ईबेची गिफ्ट कार्डं विकत घ्यायची आणि मागचे आकडे खरवडून कळवायचे.

यातलं प्रत्येक वाक्य काही तरी काम करतं. नवरा वारलाय म्हटल्यावर किंमत इतकी कमी का, हे विचारायला जीभ रेटत नाही. सैन्याचं नाव आलं की विश्वास बसतो, शिवाय भेट टाळायला कारण मिळतं. गाडी गोदामात म्हटली की ‘मेकॅनिकला पाठवतो’ हा तुमचा मुद्दाच निकालात निघतो. आणि ईबेचं नाव आलं की आपण बिनधास्त होतो. खरं म्हणजे ती जाहिरात ईबेवर नव्हतीच. ईबेचं वाहन खरेदीचं संरक्षण फक्त ईबेच्या साइटवर पूर्ण झालेल्या व्यवहारांना लागू असतं. जाहिरात दुसरीकडे बघितली आणि पैसे ‘ईबेमार्फत’ मागितले, तर ते बनावटच. गिफ्ट कार्डानं गाडीचे पैसे घेणारा खरा विक्रेता या देशात नाही. कार्डाचे आकडे दिले की पैसे गेले.

याच प्रकारातली दुसरी तऱ्हा म्हणजे खोटी एस्क्रो कंपनी. एस्क्रो म्हणजे तिऱ्हाइतानं पैसे धरून ठेवायचे आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला द्यायचे. व्यवस्था चांगली आहे. पण विक्रेत्यानं सुचवलेली एस्क्रो साइट कधीही वापरू नका, त्यानं पाठवलेली लिंक उघडूसुद्धा नका. ती साइट त्यानंच बनवलेली असते, फोनवर बोलणारा ‘प्रतिनिधी’ही त्याचाच. एस्क्रो हवीच असेल तर तुम्ही निवडा, परवाना तुम्ही तपासा, पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. शिपिंग कंपनीचंही तसंच. राज्याराज्यांतून गाड्या वाहून नेणाऱ्या कंपनीकडे यूएसडॉट हा केंद्रीय नोंदणी क्रमांक असतो, मध्यस्थाचीही नोंद असते, आणि दोन्ही एफएमसीएसए या ट्रक-वाहतुकीच्या केंद्रीय खात्याच्या साइटवर फुकट तपासता येतात. तिथे दिलेल्या फोन नंबरवर स्वतः फोन करा, कारण खऱ्या कंपनीचा क्रमांक चोरून खोट्या कागदावर छापणं अवघड नसतं. आणि ट्रान्सपोर्टर वाहतुकीचे पैसे घेतो. गाडीची किंमत तोच गोळा करत असेल तर तो ट्रान्सपोर्टर नाही.

एक बारीक प्रकारही लक्षात ठेवा. तुम्ही मेसेज केला की समोरचा म्हणतो, ‘तू खरा माणूस आहेस ना हे बघायला एक कोड पाठवतो, तो मला सांग.’ तो कोड गूगल व्हॉइसचा, म्हणजे इंटरनेटवरून फोन करायच्या गूगलच्या सेवेचा असतो. सांगितलात की तुमच्या फोन नंबरवर त्याचं खातं उघडतं आणि पुढच्या लोकांना तो तुमच्या नंबराआडून फसवतो. आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही, कारण काहीही असो.

आता कागदांकडे येऊ. टायटलला गाडीचा सातबारा समजा: मालक कोण आणि बोजा कुणाचा, दोन्ही त्यावर असतं. पहिल्याच बोलण्यात विक्रेत्याकडे टायटलचा आणि व्हिनचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा फोटो मागा. व्हिन १७ अक्षर-अंकांचा असतो. १९८१ पासूनच्या गाड्यांना ही पद्धत आहे आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. दिसली तर क्रमांक चुकीचा उतरवलाय किंवा मनानं रचलाय. हा क्रमांक ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली डॅशबोर्डवर असतो, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो आणि टायटलवर असतो. तिन्ही जुळले पाहिजेत. विक्रेत्याला व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि कॉल चालू असतानाच डॅशबोर्डवरून दारापाशी जायला सांगा. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला यात दोन मिनिटं लागतात. ज्याच्याकडे फक्त फोटो आहेत त्याचा कॅमेरा नेमका त्याच दिवशी बिघडतो.

व्हिन हातात आला की तीन ठिकाणी टाका. एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या व्हिनचेकवर गाडी चोरीची किंवा विम्यानं भंगारात काढलेली म्हणून नोंदली आहे का ते फुकट कळतं. रस्ते सुरक्षेचं केंद्रीय खातं एनएचटीएसए, त्याच्या साइटवर न झालेली रिकॉलची कामं (दोष निघाल्यावर कंपनीनं करून द्यायची दुरुस्ती) दिसतात, तेही फुकट. तिसरा, पैसे देऊन घ्यायचा इतिहास-अहवाल: कारफॅक्स, ऑटोचेक, किंवा सरकारी एनएमव्हीटीआयएस नोंदींवरून मान्यताप्राप्त कंपन्या देतात तो. अहवाल स्वतः काढा, विक्रेत्यानं पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. आणि अहवाल कोरा आला म्हणजे गाडी निर्दोष असं समजू नका. विम्याकडे न नेता गल्लीत दुरुस्त केलेला अपघात त्यात येतच नाही.

टायटलवरचं नाव आणि विक्रेत्याच्या लायसन्सवरचं नाव वेगळं असेल तर तिथेच थांबा. ‘मित्राची आहे’, ‘मी आत्ताच घेतली, अजून नावावर केली नाही’ ही वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतील. आधीच्या मालकाची सही असलेलं टायटल घेऊन, मधे स्वतःचं नाव न लावता गाडी पुढे विकणं बेकायदा आहे. असे लोक बहुधा बिनपरवान्याचे विक्रेते असतात. खासगी माणूस असल्याचं भासवून ते एकामागून एक गाड्या विकतात, आणि पुढे काही निघालं तर त्यांचा कागदोपत्री मागमूस नसतो. त्यांना ओळखायची सोपी युक्ती आहे. फोनवर नुसतं ‘गाडीसाठी फोन केलाय’ एवढंच म्हणा. ‘कुठली गाडी?’ असं विचारलं तर समजून जा.

टायटलवर लिएन, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा असेल तर गाडी वाईट ठरत नाही, पण पैसे विक्रेत्याच्या हाती देऊन ‘मी कर्ज फेडतो, टायटल मागून पाठवतो’ हे मान्य करू नका. त्या बँकेच्या शाखेत दोघांनी मिळून जा, कर्जाची बाकी रक्कम थेट बँकेला द्या, उरलेली विक्रेत्याला, आणि बोजा उतरल्याचं पत्र घ्या.

पुराची गाडी हा या देशातला मोठा प्रश्न आहे. २००५ चं कतरिना, २०१२ चं सँडी, २०१७ चं हार्वे, २०२२ चं इयन, प्रत्येक वादळानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दूरच्या, कोरड्या राज्यांत विकायला जातात. टायटलवर ‘फ्लड’ (पुरात सापडलेली) किंवा ‘सॅल्व्हेज’ (भंगारात काढलेली) असा शिक्का बसलेला असला, तरी राज्यं बदलताना तो गाळण्याचे प्रकार होतात. म्हणून डोळे आणि नाक वापरा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. वरचा भाग कोणीही धुतो, पण गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ राहून जाते. सीटखाली हात घालून रुळांचे स्क्रू बघा, गंजलेत का. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात माती आहे का पाहा. गाडीत शिरताच सुगंधाचा भपका आला तर काचा बंद करून, एसी लावून दहा मिनिटं बसा. कुबट वास असेल तर वर येतो.

ओडोमीटर मागे फिरवणं डिजिटल काट्यांनी थांबलेलं नाही. एनएचटीएसएच्याच अंदाजानुसार दरवर्षी साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या आकड्यानं विकल्या जातात. २०११ आणि त्यानंतरच्या मॉडेलची गाडी वीस वर्षांची होईपर्यंत विक्रीच्या वेळी आकडा लिहून, सही करून द्यावा लागतो, तो घ्याच. ४०,००० मैल सांगणाऱ्या गाडीचं ब्रेकचं पेडल झिजून गुळगुळीत झालं असेल तर पेडलवर विश्वास ठेवा.

तपासणीपुरतं स्वतः जाणं जमत नसेल तर त्या शहरातला मेकॅनिक गाठा. खरेदीपूर्व तपासणीला साधारण शंभर ते दोनशे डॉलर पडतात. गॅरेज तुम्ही निवडायचं, विक्रेत्यानं नाही. फोटोंसकट लेखी अहवाल मागा. तपासणीला नकार देणाऱ्याशी पुढे बोलूच नका, किंमत कितीही मोहात पाडो.

पैसे देताना सगळ्यात चांगली जागा म्हणजे बँकेची शाखा. विक्रेत्याच्या शहरात तुमच्या बँकेची शाखा असेल तर तिथे दोघं जा, त्याच्यासमोर कॅशियर्स चेक (बँकेनं स्वतः दिलेला चेक) काढा, टायटलवर सही आणि बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीचा कागद, तिथेच करा. त्यालाही खात्री, तुम्हालाही. झेल किंवा वायर या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयींनी अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवले तर ते परत येणं फार कठीण. रोख घेऊन पार्किंगमध्ये भेटू नका. पोलीस ठाण्याच्या आवारात भेटायची सोय बऱ्याच गावांत असते.

डीलरकडून घेत असाल तर खिडकीवरचा ‘बायर्स गाइड’ वाचा. ‘अॅज इज’वर (आहे तशी, हमीशिवाय) खूण असली तर फाटकाबाहेर पडल्यावरचा खर्च तुमचा. तीन दिवसांत गाडी परत करता येते हा समज आपल्याकडे फार पसरलाय. असा केंद्रीय कायदा गाड्यांना लागू नाही. आणि कॅलिफोर्नियात राहत असाल तर बाहेरच्या राज्यातली ७,५०० मैलांहून कमी चाललेली गाडी घेण्यापूर्वी बॉनेटखालचं उत्सर्जनाचं लेबल बघा. ती कॅलिफोर्नियाच्या मानकांची नसेल तर तिथल्या रहिवाशाच्या नावावर सहसा होत नाही.

आणखी एक, जरा अवघड गोष्ट. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘भारतात परत जातोय, गाडी विकायची आहे’ असा मेसेज आला आणि खाली ओळखीचं वाटणारं आडनाव दिसलं की आपण प्रश्न विचारायचं सोडतो. दोन वाक्यं मराठीत बोलला म्हणून टायटल बघायचं राहून जातं. आपल्या माणसाला कागद मागितल्यानं अपमान होत नाही. खरंच परत जाणारा स्वतःहून फाइल पुढे करतो, कारण त्यालाही विमान पकडायच्या आधी व्यवहार पुरा करायचा असतो.

आणि फसलातच तर लाजून गप्प बसू नका. पहिला फोन बँकेला, त्याच तासात. वायर थांबवता येण्याची थोडी शक्यता असते ती सुरुवातीलाच. गिफ्ट कार्ड दिलं असेल तर कार्डाच्या कंपनीला फोन करा, पावती जपून ठेवा. मग एफबीआयच्या आयसी-थ्री या इंटरनेट-गुन्ह्यांच्या तक्रारींच्या साइटवर, एफटीसी या ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय खात्याकडे आणि स्थानिक पोलिसांत तक्रार करा. व्हिसावर असलात तरी ती करता येते. ईमेल, नंबर, जाहिरातीचे स्क्रीनशॉट पुसू नका. त्यानंतर काही आठवड्यांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन येण्याची शक्यता धरून चाला. तो बहुतेक त्याच टोळीचा असतो. सरकारी खातं पैसे परत देण्यासाठी आधी फी मागत नाही.