सततचा थकवा: चिनी वैद्यकाच्या वाटेने घरी काय आणि कसं करावं

आठ तास झोपूनही सकाळी अंगात जीव नसतो. चहाने तासभर तग धरता येतो, मग पुन्हा सगळं गळून जातं. चिकुनगुनियानंतर जवळजवळ वर्षभर माझी हीच गत होती. त्या दिवसांत मी चिनी वैद्यकाकडे वळले. त्यातली एक गोष्ट मनापासून पटली: थकलेल्या माणसाला ते हाकत नाही. ताकद कुठे गळतेय ते आधी बघतं.

आधी रक्त तपासून घ्या

ही पायरी गाळू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर, मूत्रपिंड आणि यकृत एवढं तरी बघून घ्या. ‘अशक्तपणा आहे’ म्हणत बायका वर्षानुवर्षं जे अंगावर काढतात, तो कितीदा तरी साधा रक्तक्षय असतो. त्याला अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया नकोत, लोह हवं. थकवा 6 महिन्यांहून जुना असेल आणि थोड्याशा श्रमानेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस आडवा पडत असेल, तर डॉक्टरांना हे नेमकं याच शब्दांत सांगा. तो वेगळा आजार असू शकतो आणि त्यात रेटून व्यायाम केल्याने नुकसान होतं.

थकवा कोणत्या जातीचा, ते पाहा

सकाळी दात घासण्याआधी, चहाच्याही आधी, खिडकीच्या उजेडात आरशासमोर जीभ सैल सोडून बाहेर काढा. माझी फिकट आणि फुगीर होती, कडांवर दातांचे ठसे उमटलेले, करंजीच्या मुरडीसारखे. जोडीला जेवल्यावर पेंग, पोट फुगणं, हातापायांत जडपणा असेल, तर चिनी वैद्य म्हणतो की प्लीहेची ‘ची’ कमी झाली. ची म्हणजे शरीर चालवणारी शक्ती. आणि इथली प्लीहा म्हणजे शरीरशास्त्रातला अवयव नव्हे, अन्नातून ताकद काढण्याचं सगळं काम त्या नावाखाली येतं.

पाय गार, कंबर धरलेली, रात्री लघवीला उठावं लागतं, असं असेल तर तो मूत्रपिंडाच्या ‘यांग’चा, म्हणजे उबेचा, तुटवडा मानतात. छातीत कोंडल्यासारखं होतं, उसासे येतात, पण बाहेर फिरून आलं की बरं वाटतं, अशांची ची यकृतापाशी अडली आहे असं म्हणतात. त्यांना विश्रांतीपेक्षा हालचाल मानवते. जीभ पाहून स्वतःच निदान ठरवू नका. वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागी नाडी बघतो, खोदून खोदून विचारतो आणि मगच बोलतो.

पोटापासून सुरुवात करा

1232 साली मंगोल फौजांनी चीनमधल्या काइफंग शहराला वेढा घातला. उपासमार, भीती आणि अतिश्रमाने तिथे माणसं पटापट आजारी पडत होती, मरत होती. ली दोंगयुआन नावाच्या वैद्याने ते पाहिलं आणि पुढे मांडलं की हा नुसता बाहेरून आलेला रोग नाही, या लोकांचं पचन आतून खचलं आहे. तेव्हापासून जुनाट थकव्यावर चिनी वैद्य आधी पोट सावरतो.

त्यासाठी सकाळी ‘चौ’ म्हणजे तांदळाची पेज. कोकण-गोव्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अर्धी वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी, आल्याचे दोन काप आणि बिया काढलेली चार-पाच सुकी लाल बोरं. काष्ठौषधींच्या दुकानात ती ‘उन्नाब’ नावाने मिळतात. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर तास-सव्वा तास ठेवा, अधूनमधून ढवळा. दाणा फुटून पाण्याशी एकजीव झाला आणि पळीवरून सलग धार पडली की झाली. चिमूटभर मीठ घाला, गरमच खा. फ्रिजमधलं पाणी, कच्ची कोशिंबीर आणि दही निदान महिनाभर बाजूला ठेवा. मधुमेह असेल तर पेज थोडीच घ्या, अर्धे तांदूळ काढून मुगाची डाळ घाला आणि साखर मोजत राहा.

गुडघ्याखालचा बिंदू दाबा

खुर्चीत बसून गुडघा काटकोनात ठेवा. वाटीच्या खाली, बाहेरच्या बाजूला एक खळगा लागतो. त्याखाली चार बोटं जोडून आडवी ठेवा. करंगळी जिथे संपते तिथून नडगीच्या कडेपासून अंगठाभर बाहेर सरका. हा ‘त्सूसानली’. बोटं ज्याची त्याचीच धरायची, कारण हे माप प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे बदलतं. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा, दोन्ही पायांवर, दिवसातून दोनदा. जागा बरोबर असेल तर टोचत नाही, जड, आंबल्यासारखं वाटतं. या संवेदनेला चिनीत ‘स्वान’ म्हणतात, त्याचा अर्थही आंबटच. आपण ‘पाय आंबले’ म्हणतो ते अगदी हेच. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच बिंदू दाबू नका.

हालचाल, पण शिल्लक ठेवून

‘बादुआनजिन’ हा आठ हालचालींचा संथ व्यायाम आहे. त्यातली तिसरी पोटासाठीच आहे: एक तळहात डोक्यावर आकाशाकडे, दुसरा कमरेशेजारी जमिनीकडे, दोन्हीकडे हलका ताण, मग हात बदला. सुरुवातीला बसूनच करा, तीनदा. आणखी करता येईल असं वाटत असतानाच थांबा. दुसऱ्या दिवशी अंग जास्त गळालं तर त्याहून कमी करा. रात्री 11 च्या आत अंथरुणात असा. दुपारी वीस मिनिटं डोळे मिटा, झोप नाही लागली तरी चालेल.

औषधी आणि सुया

‘चार सज्जन’ हा जुना काढा प्रसिद्ध आहे: जिनसेंग, बाइचू (एक मूळ), फूलिंग (एक बुरशी) आणि ज्येष्ठमध. नाव सौम्य असलं तरी ऑनलाइन मागवून स्वतः उकळू नका. जिनसेंगमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम बदलू शकतो. ज्येष्ठमध फार दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी दुसरी विषारी वनस्पती गेली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. ज्याच्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ते तोंडात घालू नये.

सुयांचं शास्त्र भारतात रुजवलं ते डॉ. बिजयकुमार बसू यांनी, 1938 साली सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले ते एक. थकव्यावरचे सुयांचे अभ्यास बहुतेक लहान आणि कच्चे आहेत, म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा: अ‍ॅक्युपंक्चर परिषदेची नोंदणी आहे का, सुई माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढणार का, किती बैठका, आणि फरक नाही पडला तर कधी थांबायचं. माझ्या डॉक्टरांनी सहा बैठकांचा शब्द दिला होता. चौथ्या बैठकीनंतर एका दुपारी मी घराचा जिना मध्ये न थांबता चढले आणि वर पोचल्यावर ते माझ्या लक्षात आलं.