मोठ्या एसयूव्ही आणि ट्रकचे खरे ॲव्हरेज स्वतः कसे काढावे

मोठी एसयूव्ही, पिकअप किंवा मालवाहू ट्रक घेतला की पहिला प्रश्न येतो तो गाडी ॲव्हरेज किती देते हा, आणि त्याची उत्तरे एकमेकांशी क्वचितच जुळतात. एकाच मॉडेलची गाडी एकजण लिटरला बारा किलोमीटर सांगतो, तर दुसरा साडेआठ. बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात. एकाची गाडी मोकळ्या महामार्गावर एका लयीत चाललेली असते आणि दुसऱ्याची रोज सिग्नलला थांबत, टपावर कॅरियर बाळगत, थंड इंजिनावर चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या करत असते. लहान मोटारीत हा फरक थोडा असतो. दोन-सव्वादोन टनांच्या उंच गाडीत तो फार मोठा होतो. म्हणूनच आपल्या गाडीचा आकडा आपणच, नीट पद्धत ठरवून काढावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कंपनीने दिलेला आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेत रोलरवर ठरावीक क्रमाने चालवलेल्या गाडीचा असतो. भारतातील मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल या चाचणीत कमाल वेग ताशी ९० किमी आहे, तर युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत तो ताशी १३१ किमीपर्यंत जातो. त्यामुळे दोन चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरते. युरोपात २०२१ पासून नव्या मोटारींमध्ये प्रत्यक्ष इंधनखपत नोंदवणारी यंत्रणा बसवलेली असते. त्या नोंदींवर आधारलेल्या, युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पेट्रोल आणि डिझेल मोटारींची प्रत्यक्ष खपत चाचणीपेक्षा सरासरी सुमारे २० टक्के जास्त आढळली, आणि चार्जिंगच्या प्लग-इन हायब्रिड मोटारींचे कार्बन उत्सर्जन तर चाचणीच्या साडेतीनपट निघाले. अमेरिकेत ८,५०० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ३,८५० किलोंपेक्षा, जास्त सकल वजनाच्या (गाडी, माणसे आणि माल मिळून अनुमत कमाल वजनाच्या) मोठ्या पिकअपवर इंधनखपतीचे लेबल लावण्याचे बंधनच नाही. अशा गाडीच्या मालकाला स्वतःच्या वहीशिवाय दुसरा आधार उरत नाही.

टाकी ते टाकी मोजणी

सर्वांत भरवशाची पद्धत जुनीच आहे. टाकी फुल करावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, नेहमीसारखी गाडी चालवावी, पुन्हा टाकी फुल करावी आणि ट्रिप मीटरवरील किलोमीटरला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. पहिल्या वेळी किती इंधन बसले याचा हिशेबाशी संबंध नाही. ते केवळ सुरुवातीची पातळी ठरवण्यासाठी असते. ही गोष्ट वरवर सोपी असली तरी पुष्कळ लोक इथेच चुकतात.

खरी अडचण 'फुल' म्हणजे नेमके किती, या प्रश्नात आहे. डिझेलला फेस येतो, आणि तो फेस नोझलच्या टोकापर्यंत चढला की टाकीत अजून जागा असतानाही नोझल खट्कन बंद होते. पंपाची जमीन एका बाजूला थोडी उतरती असेल, तर मोठ्या आणि पसरट टाकीत एखाद-दोन लिटरचा फरक सहज पडतो. म्हणून शक्यतो तोच पंप, तेच मशीन, गाडी उभी करण्याची तीच दिशा आणि भरण्याचा तोच वेग ठेवावा. पहिला ऑटो कट झाल्यावर अर्धा मिनिट थांबून फेस खाली बसू द्यावा, दुसऱ्या कटपर्यंत सावकाश भरावे आणि तिथे थांबावे. पेट्रोलच्या गाडीत मात्र पहिल्या कटलाच थांबावे. गळ्यापर्यंत इंधन कोंबण्याचा आग्रह धरू नये, कारण बाष्प शोषून घेणाऱ्या कॅनिस्टरमध्ये द्रव इंधन शिरले तर तो खराब होतो.

चाळीस लिटर भरताना एका लिटरची चूक झाली तर उत्तर अडीच टक्क्यांनी बिघडते. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, तो याच कारणाने. सलग पाच-सहा टाक्यांचा हिशेब केला की मधल्या चुका आपोआप जिरतात: एका वेळी लिटरभर कमी बसले असेल तर तेच लिटर पुढच्या वेळी जास्त बसते, आणि एकूण बेरजेत फक्त पहिल्या व शेवटच्या भरण्यातील चूक शिल्लक राहते. अट एवढीच, की मधली एकही पावती हरवता कामा नये.

एकूण ॲव्हरेज काढताना प्रत्येक टाकीच्या ॲव्हरेजची सरासरी काढण्याची चूक सर्रास होते. समजा, वहीत तीन ओळी आहेत: ४१२ किमीला ३८.६ लिटर, ६५५ किमीला ४९.२ लिटर आणि २९८ किमीला ३३.४ लिटर. स्वतंत्रपणे त्यांची उत्तरे १०.६७, १३.३१ आणि ८.९२ येतात, आणि त्यांची सरासरी १०.९७ भरते. प्रत्यक्षात मात्र गाडी १,३६५ किमी चालली आणि तिला १२१.२ लिटर लागले, म्हणजे खरे उत्तर ११.२६ आहे. नेहमी एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागावे.

वहीत तारीख, ओडोमीटर आणि लिटर यांच्याबरोबर एक छोटा रकाना शेऱ्यासाठी ठेवावा, असे मी मुद्दाम सुचवतो. 'सहा माणसे, सामान, घाट', 'शहरातच', 'टपावर कॅरियर', 'टायर नवे' असे दोन-तीन शब्द पुरतात. सहा महिन्यांनी हाच रकाना सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण त्याच्याविना ८.९२ हा आकडा वाईट की योग्य हे सांगताच येत नाही.

डॅशबोर्ड आणि ओडोमीटर यांची तपासणी

डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा इंजिनात इंधन फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून संगणकाने काढलेला अंदाज असतो, आणि तो बहुधा थोडा चांगल्या बाजूला झुकलेला असतो. त्याला टाकाऊ समजू नये. पाच टाक्यांच्या हिशेबाशी तो ताडून पाहिला की आपल्या गाडीत तो साधारण किती टक्के फुगवून दाखवतो ते कळते, आणि पुढे तेवढे वजा करून तोच आकडा रोजच्या तुलनेसाठी वापरता येतो.

मोठ्या गाड्यांचे मालक टायर बदलताना वरची साइज घेतात, तेव्हा ओडोमीटरच चुकू लागतो. २६५/७० आर १६ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ७७७ मिलिमीटर असतो, तर २६५/७५ आर १६ चा सुमारे ८०४. म्हणजे गाडी १,०३४ मीटर पुढे गेली तरी मीटर १,००० मीटरच मोजतो. अशा वेळी ॲव्हरेज जेवढे घसरलेले दिसते तेवढे ते घसरलेले नसते. सपाट आणि सरळ रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांशी किंवा जीपीएसशी ४०-५० किमीचे अंतर ताडून गुणक काढावा आणि पुढची प्रत्येक नोंद त्याने दुरुस्त करावी.

लिटरच्या भाषेत विचार करावा

किलोमीटर प्रतिलिटर हे माप जड गाड्यांच्या बाबतीत फसवे आहे. पंधरावरून सोळा झालेली गाडी १,००० किमीमागे जेमतेम चार लिटर वाचवते. पाचवरून सहा झालेला ट्रक तेवढ्याच अंतरात २०० ऐवजी १६७ लिटर घेतो, म्हणजे ३३ लिटर वाचवतो. दोन्हीकडे सुधारणा 'एका'चीच दिसते, पण बचतीत आठपट फरक आहे. त्यामुळे वहीच्या शेवटच्या रकान्यात १०० किमीला किती लिटर लागले हेही लिहावे. परदेशी आकडे वाचताना अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो हे विसरू नये. २० मैल प्रतिगॅलन म्हणजे पहिल्या मापाने साडेआठ किमी प्रतिलिटर होतात आणि दुसऱ्या मापाने सातच्या आसपास.

मालवाहू ट्रकसाठी तर नुसते लिटरही पुरत नाहीत. दहा टन माल नेताना १०० किमीला २८ लिटर आणि पाच टन माल नेताना २४ लिटर लागत असतील, तर दुसरी फेरी ॲव्हरेजमध्ये चांगली दिसते. पण टनामागे पाहिले तर पहिलीला २.८ आणि दुसरीला ४.८ लिटर पडलेले असतात. ट्रकचा हिशेब टन-किलोमीटरमागेच, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागेच, करावा.

इंधन कुठे जाते ते ओळखावे

महामार्गावर उंच गाडीचा मोठा शत्रू हवा आहे. माणसांसह २,२०० किलो वजनाची, समोरून २.८ चौरस मीटर दिसणारी आणि ०.४० इतका हवारोध गुणांक (आकारामुळे हवा किती अडते याचे माप) असलेली एसयूव्ही धरली, तर ताशी ८० किमी वेगाला हवेचा विरोध सुमारे ३३० न्यूटन असतो, आणि ताशी १२० ला तो ७५० च्या घरात जातो. टायरचा घर्षणविरोध दोन्ही वेळी साधारण २६० न्यूटनच राहतो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला करावे लागणारे काम सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. जास्त भारावर इंजिनाची कार्यक्षमता थोडी सुधारत असल्यामुळे इंधन अगदी त्याच प्रमाणात वाढत नाही, तरी वेगाइतका परिणाम करणारी दुसरी कोणतीही गोष्ट चालकाच्या हातात नसते. स्वतः पाहायचे असल्यास एकाच सपाट पट्ट्यावर क्रूझ कंट्रोल लावून ८०, १०० आणि १२० या वेगांना, वेगमर्यादा असेल तिथपर्यंतच, गाडी जाताना आणि येताना दोन्ही दिशांनी चालवावी. वारा आणि चढ-उतार यांचा परिणाम त्यामुळे बराचसा समतोल होतो. टपावर पेटी असेल तर ती काढून आणि लावून हीच चाचणी पुन्हा करावी, कारण महामार्गाच्या वेगाला तिचा फटका सहज १० टक्क्यांच्या वर जातो. उंच पेटीसारखा ट्रेलर ओढताना तर ॲव्हरेज निम्म्यावर येणेही अस्वाभाविक नाही.

शहरात मात्र वजनाचा हिशेब चालतो. हीच एसयूव्ही थांबलेल्या अवस्थेतून ताशी ६० किमीपर्यंत नेण्यासाठी साधारण ३० मिलिलिटर डिझेल लागते, आणि ब्रेक दाबून ती थांबवली की त्यातून मिळालेली सगळी गती उष्णता होऊन जाते. वीस टनांच्या ट्रकला अशा एकेका थांबण्यामागे पाव लिटरच्या जवळपास डिझेल मोजावे लागते. लाल सिग्नल लांबून दिसताच पेडलवरून पाय उचलावा आणि गाडी गिअरमध्येच पुढे येऊ द्यावी. आधुनिक इंजिनात त्या वेळी इंधनपुरवठा पूर्ण बंद होतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यास मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जातच राहते आणि इंजिनाचा ब्रेकही मिळत नाही, त्यामुळे ही सवय दोन्ही अर्थांनी वाईट आहे. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणेही महाग पडते: मोठ्या मालवाहू ट्रकचे इंजिन तासाला सुमारे तीन लिटर घेते, म्हणजे चालक केबिनमध्ये झोपलेला असताना आठ तास ते सुरू राहिले तर चोवीस लिटर गेले.

काही कारणे चटकन लक्षात येत नाहीत. डिझेल गाडीतील, धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर स्वतःला स्वच्छ करताना जास्तीचे डिझेल जाळतो, त्यामुळे ज्या टाकीत हे दोनदा घडले तिचे ॲव्हरेज विनाकारण कमी दिसते. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. टायरमधील हवा गाडी थंड असतानाच तपासावी. चारही चाकांत ५ पीएसआय कमी असतील तर साधारण एक टक्का जातो, आणि टायर झिजतो तो वेगळाच. फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून ठेवू नये. ज्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, त्यांत त्याने इंधनाबरोबर गिअरचेही नुकसान होते.

बदल करायचा तो एका वेळी एकच करावा. नवे टायर, नवे ऑइल आणि काढलेला कॅरियर असे तिन्ही बदल एकाच आठवड्यात केले, तर फरक कशाने पडला हे कोणतीही वही सांगू शकणार नाही. बदलाच्या आधी किमान तीन आणि नंतर किमान तीन टाक्या, त्याच मार्गाच्या आणि शक्यतो त्याच ऋतूच्या, इतकी तरी नोंद हवी. थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो आणि हवाही दाट असते, म्हणून हिवाळ्याची तुलना उन्हाळ्याशी करू नये.

शेऱ्याच्या रकान्यात काहीही बदललेले नसताना सलग दोन-तीन टाक्यांचे ॲव्हरेज दहा टक्क्यांनी उतरले, तर गाडी काहीतरी सांगत आहे असे समजावे. आधी टायरची हवा पाहावी, मग इंजिन नेहमीच्या तापमानाला पोहोचते का ते पाहावे, कारण उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) इंजिन थंड ठेवतो आणि इंधन वाढवतो. त्यानंतर ब्रेककडे वळावे. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरत जावे, सावकाश थांबावे आणि चारही चाकांच्या रिमजवळ हाताचा तळवा, न टेकवता, धरून पाहावा. तीन चाके कोमट आणि एक चाक चटका देण्याइतके तापलेले असेल, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि इंजिन इतके दिवस त्याच्याविरुद्ध गाडी ओढत होते. ती गाडी तशीच पुढे न दामटता आधी त्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारा भाग, उघडून पाहून घ्यावा.