त्वचेवरील संशयित डागाची थर्मल कॅमेऱ्याने तपासणी कशी करावी

कोरोनाच्या काळात दारोदारी कपाळावर रोखला जाणारा तापमापक आणि त्वचेच्या कर्करोगासाठी वापरायचा थर्मल कॅमेरा यांचे तत्त्व एकच आहे. त्वचा सतत अवरक्त किरण बाहेर टाकत असते आणि उपकरण ते मोजते. कॅमेरा मात्र एका बिंदूऐवजी सबंध भागाचा तापमान-नकाशा दाखवतो. गाठ वाढू लागली की तिला अधिक रक्त लागते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि तो भाग आजूबाजूपेक्षा किंचित गरम राहू शकतो. हा फरक अनेकदा एका अंशाहूनही कमी असल्यामुळे तिळावर नुसता कॅमेरा रोखून मिळालेल्या रंगीत चित्रावरून काही ठरवू नये.

उपयोगी पडते ती दुसरी रीत, म्हणजे त्वचा थंड करून ती पुन्हा किती वेगाने गरम होते हे पाहणे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मेलानोमासाठी, म्हणजे त्वचेतील रंगपेशींपासून होणाऱ्या घातक कर्करोगासाठी, तिचा अभ्यास झाला. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ज्या स्वस्त उपकरणाला २०१७ साली जेम्स डायसन पुरस्कार मिळाला, त्याच्याही मुळाशी हीच कल्पना होती.

कॅमेरा निवडताना साधा हिशेब करावा. चित्राच्या रुंदीत १६० बिंदू असतील आणि चौकटीत १६ सेंटिमीटर त्वचा मावत असेल, तर एक बिंदू एक मिलिमीटरचा झाला. ६ मिलिमीटरचा तीळ जेमतेम सहा बिंदूंत संपतो आणि त्याची कड आजूबाजूच्या त्वचेत मिसळून जाते. म्हणून जवळून टिपणारी लेन्स हवी, आणि ०.०५ अंश किंवा त्याहून लहान फरक ओळखणारा सेन्सर हवा. बहुतेक कॅमेऱ्यांचे प्रत्यक्ष तापमान दोन अंशांपर्यंत चुकू शकते, त्यामुळे आकड्यापेक्षा डाग आणि शेजारची निरोगी त्वचा यांतील फरकावर भिस्त ठेवावी.

खोलीचे तापमान २० ते २४ अंशांच्या दरम्यान स्थिर ठेवावे, पंखा बंद करावा आणि एसीचा झोत रुग्णावर येऊ देऊ नये. त्या भागावरील कपडे काढून रुग्णाला पंधरा मिनिटे शांत बसवावे; त्याआधी चहा, तंबाखू, व्यायाम, तेल आणि मलम वर्ज्य. डाग बोटाने चाचपून पाहण्याचा मोह डॉक्टरांनाही होतो, पण बोटाची ऊब चित्रात उमटते. डागाभोवती चौकोनी भोक पाडलेला कागद चिकटवावा, म्हणजे रुग्ण हलला तरी पुढे चित्रे एकमेकांवर जुळवता येतात. आधी साधे छायाचित्र आणि एक थर्मल चित्र घ्यावे. नंतर थंड हवेने किंवा कापडात गुंडाळलेल्या जेलपॅकने सुमारे एक मिनिट त्वचा गार करावी. बर्फ थेट लावू नये. गारवा काढताक्षणी चित्रीकरण सुरू करून ते दोन-तीन मिनिटे चालू ठेवावे, आणि डाग व शेजारची त्वचा यांच्या तापमानाचे आलेख एकत्र काढावेत.

डागाचा आलेख सुरुवातीलाच झपाट्याने वर चढला, तर संशय बळावतो. मात्र किती फरक म्हणजे कर्करोग, असा सर्वमान्य आकडा नाही. डास चावलेली जागा, नुकतीच दाढी केलेली त्वचा किंवा पिकलेला फोडही असाच वेगाने गरम होतो. उलट, अगदी पातळ मेलानोमा काहीच फरक दाखवणार नाही असे होऊ शकते, आणि काही गाठी तर भोवतालापेक्षा गार दिसतात.

या तंत्राची एक जमेची बाजू आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. त्वचा गोरी असो वा सावळी, या किरणांच्या दृष्टीने ती जवळजवळ सारखीच असते. पण कॅमेरा कुठे रोखायचा हे माहीत हवे. सावळ्या त्वचेत मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि नखातील काळी रेघ मार लागल्याची खूण समजून सोडून दिली जाते. ती रेघ नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर पसरली असेल, तर थर्मल चित्राची वाट पाहू नये. जुन्या भाजल्याच्या व्रणावर चिघळणारी जखम आणि कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या धोतराखाली किंवा परकराच्या नाडीखाली जाड झालेली, न भरणारी त्वचा यांकडेही लक्ष द्यावे. धोतराच्या घर्षणाशी निगडित कर्करोगाची नोंद विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली केली होती.

डाग वेडावाकडा, कडा दातेरी, रंग एकाहून अधिक, आकार ६ मिलिमीटरहून मोठा किंवा काही महिन्यांत बदललेला असेल, तर आलेखात फरक दिसला नाही तरी त्वचारोगतज्ज्ञाकडून डर्मोस्कोपी, म्हणजे प्रकाश देणाऱ्या भिंगातून डागाची तपासणी, करून घ्यावी आणि त्यांना आवश्यक वाटल्यास तुकडा काढून तपासणीस पाठवावा. म्हणूनच थर्मल तपासणीच्या अहवालात ‘नॉर्मल’ हा शब्द लिहू नये. खोलीचे तापमान, गार करण्याचा कालावधी आणि तिसाव्या व साठाव्या सेकंदाला दिसलेला फरक एवढेच नोंदवावे.