उतारवयात घर घेण्यापूर्वी परिसर पायी फिरून पाहावा
उतारवयात घर घ्यायचे असेल, तर तो परिसर एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊनंतर पायी फिरून पाहावा. कारण पदपथाची उखडलेली फरशी, बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा किंवा आपण अर्धा रस्ता ओलांडेपर्यंत बदलणारा सिग्नल या गोष्टी गाडीच्या काचेतून लक्षात येत नाहीत. चोरीची भीती सर्वांनाच वाटते, परंतु या वयात पडून हाड मोडण्याचा धोका माझ्या मते अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. रुग्णवाहिका इमारतीच्या दारापर्यंत येते का आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का, हेही तपासावे. दलालावर विसंबून न राहता (त्याला घर विकायचेच असते) सायंकाळी बाकावर बसलेल्या ज्येष्ठ रहिवाशांना, अंधार पडल्यावर आपण एकटे बाहेर पडता का, असे सरळ विचारावे.