छोट्या चहा-व्यवसायाचं नाव आणि पाकीट: आधी चहा भरा, मग डिझाइन करा

मिश्रण पक्कं झालंय, अन्न परवाना हातात आहे आणि आता पाकीट करायचंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. नाशिकमधल्या छोट्या चहावाल्यांसाठी मी बरीच वर्षं हेच काम करतो. 'आधी झकास लोगो करा, बाकी आपोआप होतं' हा सल्ला ऐकला की मला राहवत नाही. पैसे बुडतात ते लोगोत नाही, पाकिटात.

नाव ठरवा. ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर वर्ग 30 मध्ये शोधा, चहा त्याच वर्गात येतो. मोकळं असेल तर लगेच अर्ज करा. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्जाला शुल्क 4,500 रुपये आहे. गावाचं नाव किंवा 'कडक', 'ताजा' असे गुण सांगणारे शब्द एकटे ठेवू नका, त्यांच्यावर हक्क मिळणं अवघड जातं. रविवार कारंजावरच्या दुकानात गिऱ्हाइकाने एकदा उच्चारलं आणि दुकानदाराला कळलं, म्हणजे नाव जमलं.

अक्षरं आधी देवनागरीत काढून घ्या, इंग्रजी मागाहून. उलट केलं की मराठी नाव पाहुण्यासारखं अवघडून बसतं. वाफाळता कप आणि दोन पानं-एक कळी ही चित्रं टाळा. फळीवर शेजारच्या पाकिटावर तेच असतं.

आता पाऊच. इथे मी स्वतः आपटलोय, म्हणून सावकाश वाचा.

माझं पहिलं काम 250 ग्रॅमच्या पाकिटाचं होतं. माप मी बाजारातल्या एका पाकिटावरून घेतलं. त्यात डस्ट म्हणजे बारीक भुकटीचा चहा होता, आमच्या मिश्रणात मोठा दाणा. वजन तेवढंच, पण मोठा दाणा जागा जास्त खातो. भरल्यावर चहा थेट सीलच्या रेषेला टेकला, पूड सीलमध्ये अडकली आणि आषाढात पाकिटं ओल धरू लागली. चहा ओलावाही ओढतो आणि वासही. किराणा दुकानात तो हळद-मसाल्याच्या शेजारी बसणार. छापलेला सगळा माल टाकावा लागला. दुसऱ्याच्या पाकिटाचं माप घेऊ नका, कोणी कितीही सांगो.

दोन-तीन मापांचे कोरे पाऊच आणा. स्वतःचंच मिश्रण तोलून भरा, हलकेच आपटा, रात्रभर उभे ठेवा. चहा खाली बसतो. सकाळी पातळीवर मार्करने रेघ मारा. चहा आणि सील यांच्यात निदान तीन बोटं मोकळी हवीत. फार मोकळं पाकीटही नको, गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं.

मग भरलेल्या पाऊचवर माप घ्या, सपाटवर नाही. भरला की तो पुढे फुगतो, कडा मागे वळतात, तळाची घडी खाली दुमडते. सपाट कागदावर मधोमध दिसणारं नाव उभ्या पाकिटावर पोटाखाली घसरतं. म्हणून नाव वरच्या निम्म्यात ठेवा. तळाच्या घडीवर आणि सीलच्या पट्टीवर कामाचं काहीही नको. साध्या प्रिंटरवर काढलेला कागद भरलेल्या पाऊचवर चिकटवा, फळीवर ठेवा आणि सहा फुटांवरून बघा. वाचता येत नसेल तर पुन्हा करा.

रंगाचं भूत याच टप्प्यावर मानगुटीवर बसतं. ओल अडवायला पाऊचचा मधला थर मेटलाइज्ड म्हणजे चंदेरी घ्याच. नुसता खाकी कागद दिसतो छान, पण आत अस्तर नसेल तर पावसाळ्यात उपयोगाचा नाही. मात्र शाई पारदर्शक असते. खाली पांढरा थर मारला नाही तर चंदेरी फिल्मवर पिवळा मळकट होतो आणि लाल काळवंडतो. पांढरा कुठे हवा ते छापणाऱ्याला लेखी द्या. रंग त्याच फिल्मवरचा नमुना बघून पास करा. मोबाइलवरच्या चित्राला 'ओके' म्हणू नका.

बारीक मराठी मजकूर गडद रंगात पांढरा सोडू नका, शाई पसरून अनुस्वार बुजतात. डिझाइनरने फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. 'किंमत' हा शब्द आधी तपासा.

कायद्याचा मजकूर: निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंमत, पॅकरचा पत्ता, पॅकिंगचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावा, बॅच, तक्रारीसाठी संपर्क, हिरवा ठिपका, 14 अंकी अन्न परवाना क्रमांक. हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो. मराठी जोडीला द्या, एकटी चालत नाही. अंकांची किमान उंचीही ठरलेली आहे, ती तपासा. तारीख, बॅच आणि किंमत पॅकिंगच्या वेळी पडते, तेवढी जागा फिकी आणि मॅट ठेवा. चकचकीत फिल्मवर शाई बोटाने पुसली जाते.

पहिली पाचशे पाकिटं कोऱ्या पाऊचवर लेबल चिकटवून विका. फिल्मवर होणाऱ्या ग्राव्युअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, आणि एक शब्द बदलला तरी तो पुन्हा करावा लागतो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीकडे सिलिंडरची ऑर्डर द्यायला जाल तेव्हा भरलेला, रेघ मारलेला तो पाऊच सोबत न्या आणि छापणाऱ्याच्या टेबलावर उभा करा.